सेनोला कूळ हवं

३ जून, मंगळवार

आलो एकदाचा. बस घाट चढायला लागली तशी मी खिडकी लावून घेतली आणि अंग चोरून बसलो. त्यात थंडीचा वाटा किती आणि माझा किती, ते कळायला मार्ग नाही.

स्टँडवर उतरल्या उतरल्या तिघांनी विचारलं, "जकार्तात लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस इथे येऊन काय करणार?" प्रश्न रास्त आहे. गावातली सर्वांत उंच इमारत चर्चची, आणि तिला जिना आहे. चौथी भेटली ती मालेमकाकू, कॉफीच्या दुकानाची मालकीण. तिने लिफ्टचं काही काढलं नाही. माझ्या मागे वाकून बघितलं आणि म्हणाली, "बायको बसमध्येच विसरलास की काय रे राकुत?"

बाबा ओट्यावर बसले होते, गळ्यात दोरीने पाटी अडकवलेली. घशातली गाठ काढून झाली, गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण डॉक्टरांनी बजावलंय, आम्ही सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हे सांगितलं कोणाला, तर बाबांना! आमच्यात लग्न ठरवताना मुलामुलीचे आईबाप स्वतः तोंड उघडत नाहीत, त्यांच्या वतीने बोलणारा मानकरी लागतो, आणि पंचक्रोशीत तो मान बाबांचा. रीतभात त्यांना तोंडपाठ. अशा माणसाच्या गळ्यात पाटी.

मला बघून त्यांनी लिहिलं, "आलास." मग पुसून, "वाळलास." मग पुन्हा पुसून, "लग्न?" आमची भेट झाली.

संत्र्यांची बाग आहे, बघायला माणूस नाही, मी एकुलता एक, म्हणून नोकरी सोडून आलो, असं सगळ्यांना सांगितलंय. खरं म्हणजे वर्षभर बघणार आहे की इथे राहता येतं का. एकट्याला नव्हे. हे वाक्य मी फक्त या वहीत लिहू शकतो, तेही दाराला कडी लावून.

५ जून, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, नुसतं गप्प बसून भागणार नाही. नंतर आवाजाचे व्यायाम नीट केले नाहीत तर बाबांचा आवाज फुटक्या घागरीसारखा राहील. असे व्यायाम घेणारा माणूस सबंध डोंगरात नाही. माझ्या ओळखीत एक आहे. तो गेली सात वर्षं माझ्याच घरात राहतो.

आईला फार जपून सांगितलं, "माझा एक मित्र आहे, सेनो म्हणून. जावा बेटावरचा. आवाजाच्या व्यायामांचा जाणकार."

आई मिरच्यांची देठं काढत होती. म्हणाली, "तू फोनवर असलास की मागे खोकत असतो, तोच ना?"

"अं, हो. कधीकधी असतो."

"रोज सकाळी खोकतो," आई म्हणाली. "आलं घालून पाणी प्यायला हवं त्याने. ये म्हणावं."

आईचे कान भलते तिखट आहेत. नशीब माझं, ती पुढचा विचार करत नाही.

८ जून, रविवार

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी आधी बाबांच्या घशासाठी प्रार्थना केली आणि त्याच दमात माझ्या लग्नासाठी. अख्ख्या गावाने दोन्हींना मिळून एकच "आमेन" म्हटलं. दोन्ही रोग एकाच औषधाने जातील अशी त्यांची समजूत दिसते.

सेनोशी फोनवर बोललो. येतो म्हणाला. जवळच्या कबानजाहे शहरातल्या दवाखान्यात त्याच्यासाठी एक जागाही निघण्यासारखी आहे. पण मला म्हणाला, "राकुत, मी मित्र म्हणून येईन, मित्र म्हणून राहीन, तुझ्या बाबांना काही कळू देणार नाही. पण खोटं बोलण्यालाही हद्द असते. ती आली की मी सांगेन आणि निघून येईन."

मी म्हटलं, "हद्द कशाला येईल? साधं तर आहे." फोन ठेवल्यावर घाम पुसला.

१४ जून, शनिवार

सेनो आला. आमच्या गावात माणूस "पाणी दे" म्हणाला तरी शेजारच्या आळीला भांडण लागल्यासारखं वाटतं, आणि सेनो बोलतो ते कबुतर घुमल्यासारखं. बाबांनी पाटीवर लिहून मला दाखवलं, "हा बोलतो की प्रार्थना करतो?"

खरी पंचाईत दुसरीच झाली. आम्हा कारो लोकांची, म्हणजे या डोंगरातल्या सगळ्यांची, कुळं पाचच. समोरच्याचं कूळ कळलं की त्याला मामा म्हणायचं की मेहुणा, त्याची थट्टा करायची की पाया पडायचं, सगळं झटक्यात ठरतं. सेनोला कूळच नाही! जो येतो तो विचारतो, "आपण कुठल्या कुळातले?" सेनो हसून म्हणतो, "आमच्याकडे नसतं," आणि समोरच्याचं तोंड उघडंच राहतं. मालेमकाकूचा नवरा तर पाचदहा मिनिटं नुसता त्याच्याकडे बघत बसला आणि शेवटी "बरं" म्हणून उठून गेला. मोकाट रेड्यासारखा माणूस, कोणत्या दावणीला बांधावा तेच कोणाला कळेना.

झोपायची व्यवस्था मी मोठी अक्कल चालवून ठरवली होती. खोलीत दोन गाद्या, मध्ये माझी बॅग. तर आईने एकच गादी घातली. म्हणाली, "दुसरीत उंदीर झालेत." दुसरी गादी अंगणात उन्हाला पडली होती. चांगली धडधाकट दिसत होती. उंदीर दिसले नाहीत, पण आई म्हणते म्हणजे असतील.

२२ जून, रविवार

आज पाहुण्यासाठी तेरितेस केलं. गाईच्या पोटातलं अर्धवट पचलेलं गवत पिळून त्याचा रस्सा. औषधी असतो. मीसुद्धा जकार्ताला गेल्यापासून तो चुकवत आलोय. सेनोने वाटी संपवली, आईकडे बघितलं आणि म्हणाला, "काकू, अजून थोडं मिळेल?"

बाबांनी हातातला खडू खाली ठेवला. आईने त्याची वाटी भरली आणि जेवण झाल्यावर त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. बाहेर आला तेव्हा हात मक्याच्या पिठाने भरलेले. आईची कोंबडी, मक्याच्या पिठातली, जिची कृती तिने स्वतःच्या भाच्यांना मागूनसुद्धा दिली नव्हती, ती याला शिकवली. म्हणाली, "माझ्या सासूने मला दिली, मी याला दिली. संपलं."

सेनोचे डोळे ओले दिसले. मी विचारलं तर म्हणाला, मिरची होती. पाहुणचार करावा तर माझ्या आईनेच.

३ जुलै, गुरुवार

बाबांना बोलायची परवानगी मिळाली, पहिले चारपाच दिवस अगदी मोजके शब्द. आम्ही सगळे भोवती बसलो. एवढ्या दिवसांच्या मौनानंतर पहिला शब्द कोणता येणार? मला वाटलं देवाचं नाव. आईला वाटलं तिचं. बाबांनी डोळे मिटले, सेनोने शिकवल्याप्रमाणे श्वास घेतला, आणि म्हणाले, "मीठ."

"काय?" आई.

"महिनाभर. कमी. आहे."

आईने पळी फेकून मारली. सेनो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि मग बाबाही हसायला लागले, आवाज न करता, सेनोने शिकवलं होतं तसंच. दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. माझ्या जन्मात बाबांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारलेली मला आठवत नाही. हेवा वाटला आणि बरंही वाटलं.

पण तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटाही आला. आमच्याच आळीतला इमानुएल एका माणसाबरोबर राहतो असं उघडकीला आलं, तेव्हा त्याच्या घरच्यांनी त्याला कुळातून काढलं. तो निर्णय सभामंडपात बोलून दाखवला बाबांनी. मानकरी दुसऱ्यांचा निरोप सांगतो, त्यात त्याचं स्वतःचं काही नसतं, असं म्हणतात. मी सोळा वर्षांचा होतो, सगळ्यांत मागे बसून केळीची पानं पुसत होतो. मागच्या ओळीतही एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला. इमानुएल त्यानंतर गावात आला नाही. तो आवाज आता सेनो रोज सकाळी बसून परत आणतोय.

९ जुलै, बुधवार

घात झाला.

जेवताना बाबा उभे राहिले. लग्नात उभे राहतात तसे, छाती काढून. म्हणाले, "सेनो मला आवाज देतो आणि मी त्याला नाव देऊ नये? लोकांना त्याला हाक मारता येत नाही. मी ठरवलंय. गावजेवण घालू, डुक्कर कापू, आणि याला आपल्या कुळात घेऊ. तू आजपासून तारिगान, पोरा. माझा दुसरा मुलगा."

आईच्या हातातला घास हातातच राहिला. सेनो माझ्याकडे बघायला लागला. आणि मी काय म्हणालो? "वा!" म्हणालो. देवा, मी "वा" म्हणालो.

बाबांचं मन केवढं मोठं! आणि मोठ्या मनानेच ते आम्हाला खड्ड्यात घालताहेत. एक कूळ म्हणजे सख्खी भावंडं. तारिगानने तारिगानकडे वाकड्या नजरेने बघायचं नाही, मेल्यावरसुद्धा नाही. माझ्या लहानपणी एका कुळातली दोघं पळून गेली होती तर विटाळ झाला म्हणून गावाने त्यांचं घर धुऊन काढलं होतं. जकार्तात मी या गोष्टींना हसत होतो. आज हसू आलं नाही. बाबांनी एकदा सभामंडपात म्हटलं की सेनो माझा भाऊ, तर तो भाऊच. मलाच ते खरं वाटायला लागेल.

संध्याकाळी बागेत सेनोने मला गाठलं. "हद्द आली," म्हणाला.

"अरे, नुसता विधी आहे."

"तुझ्यासाठी नुसता असता तर तुझं तोंड असं पांढरं पडलं असतं का? मी तुझा मित्र म्हणून झोपतो एका गादीवर. भाऊ म्हणून झोपणार नाही. तू वयाने मोठा, म्हणजे मी तुला दादा म्हणायचं! म्हणून बघू? दादा!"

"नको," मी म्हटलं.

"मग जाऊन सांग त्यांना. नाहीतर मी जातो. तुझे बाबा मला त्यांच्याकडचं सर्वांत मौल्यवान काहीतरी देताहेत, आणि मी ते खोटं बोलून घेऊ? ते माझ्याने होणार नाही, राकुत."

१० जुलै, गुरुवार

सांगायला गेलो. आदल्या दिवशी बागेतल्या संत्र्याच्या झाडापुढे तालीम केली होती, ती चांगली झाली.

बाबा ओट्यावर नळीचा व्यायाम करत होते. पाण्याच्या पेल्यात नळी घालून तिच्यातून "ऊऊ" करायचं, म्हणजे स्वरतंतू सैल होतात. मी म्हटलं, "बाबा, एक सांगायचंय."

बुडबुड.

"सेनोबद्दल."

बुडबुडबुड.

"तो आणि मी, म्हणजे जकार्तात आम्ही..."

बाबांनी बोट वर केलं. व्यायाम पुरा व्हायचा होता. तो पुरा होईपर्यंत माझं धैर्यही पुरं झालं. "काय सांगत होतास?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्याला डुकराचं मांस जरा कमी तिखट लागतं."

१२ जुलै, शनिवार

आज मात्र मी डोकं लढवलं. बाबा नाही तर आई. तिला काहीही न सांगता काम साधायचं! मी म्हटलं, "आई, सेनोला तारिगान व्हायला थोडं अवघड वाटतंय."

"का बरं?"

कारण तयार ठेवलंच होतं. "त्याला मामाचं घर फार आवडलंय. मामा, मामी, त्यांचा स्वभाव. तो म्हणतो, मामांच्या कुळातला, गिंटिंग झालो असतो तर बरं झालं असतं."

सेनोने मामाला एकदाच पाहिलंय, तेही लांबून. पण आईचा चेहरा असा उजळला की मला माझ्याच थापेचं कौतुक वाटलं. "असं म्हणाला?" ती म्हणाली. "शहाणं पोर. तुझ्यापेक्षा किती शहाणं." आणि त्याच पावली चपला घालून निघाली, मला ओढत.

तेर्केलिनमामा मालेमकाकूच्या दुकानात बुद्धिबळ खेळत बसला होता. आईने त्याचा घोडा उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्यासमोर बसली. "दादा, सेनोला तुझ्या कुळात घे."

"मी? तुझ्या नवऱ्याने तर गावभर सांगितलंय की तारिगान करणार म्हणून."

"तो करेल तिकडे. मी तुला सांगतेय."

मामाने माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, आणि मामाचा माझ्यावर जुना राग आहे. "तीन मुली होत्या माझ्या. तिन्ही वेळा हा कामात होता. कसल्या लिफ्टमध्ये अडकला होता कोण जाणे."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली. "तुझ्या घरातून माझ्या घरात कोणीतरी यायचं होतं, ते राहिलं. आता आलेलं आहे त्याला तू तुझं म्हण. इतकंच."

मामा पान चघळता चघळता थांबला. आईकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मालेमकाकू कपबशी पुसत होती, तीही पुसायची थांबली. मामा म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"तू माझा थोरला भाऊ आहेस," आई म्हणाली. "लोक काय म्हणायचं ते तुझं तोंड बघून ठरवतील."

मामाने घोडा परत पटावर ठेवला. भलत्याच घरात ठेवला, पण समोरच्याने काही म्हटलं नाही. "डुकराचं मुंडकं कुणाच्या पानात?" त्याने विचारलं.

"तुझ्या."

"बरं."

तर हे सगळं मुंडक्यासाठी होतं! गेल्या वर्षी एका बारशात मामाचा तो मान चुकला होता, आईच्या मनात ते सलत असणार. असेना का, माझं काम झालं.

घरी येऊन आईने बाबांना सांगितलं, "सेनोला माझा भाऊ घेतोय. गिंटिंग होईल तो." बाबांच्या पेल्यातली बुडबुड थांबली. नळी तोंडातच. कितीतरी वेळ ते आईकडे बघत राहिले आणि आई तांदळातले खडे काढत राहिली. मग आता बोलता येत असूनही त्यांनी कोपऱ्यातली पाटी घेतली, काहीतरी लिहून आईला दाखवलं. आईने मान डोलावली. त्यांनी पुसून टाकलं आणि बागेत निघून गेले. जेवायला आले नाहीत.

मांसाच्या वाटणीचं काहीतरी असावं.

१९ जुलै, शनिवार

बाबा आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. मला धास्ती वाटत होती की विधीत उभेच राहणार नाहीत. तारिगानचा मान हातून गेला म्हणून रुसलेत, हे उघड होतं.

सभामंडप भरून गेला होता. खरं तर लोक सेनोला बघायला आलेच नव्हते, बाबांचा आवाज परत आला म्हणतात तो ऐकायला आले होते. मामामामींनी सेनोला लाल उपरणं पांघरवलं, स्वतःच्या हाताने कोंबडीचा घास भरवला. मामी म्हणाली, "चौथं लेकरू," आणि नाक पुसलं. मग बाबा उठले.

ते म्हणाले, "सासुरवाडी म्हणजे डोळ्यांना दिसणारा देव, हे आपले वाडवडील सांगून गेले. मी या मंडपात शेकडो वेळा ते वाक्य म्हटलं. म्हणणं सोपं असतं. देव जे देतो ते ओंजळीत घ्यायचं. हेच का दिलं, असंच का दिलं, हे विचारायचं नसतं. माझ्या मेहुण्याच्या घरात आज एक लेकरू आलं. मेहुण्याच्या घरून जे येतं, त्याला आम्ही तारिगान नाही म्हणत नाही. आजवर म्हटलं नाही. मीही म्हणत नाही."

शेवटी त्यांचा आवाज फाटला. सेनो माझ्या कानात म्हणाला, "अजून व्यायाम हवा." पण तोही रडत होता. मालेमकाकूने पदर डोळ्यांना लावला, तिच्या आजूबाजूच्या दोनतीन बायकांनीही. एका पाहुण्याला कूळ मिळालं त्यात एवढं रडण्यासारखं काय होतं? आमच्या गावाला रडायला निमित्त लागतं, हेच खरं.

मुंडकं मामाच्या पानात गेलं. सगळं कसं निर्विघ्न पार पडलं. मी हुशार आहे.

२० जुलै, रविवार

मी हुशार नाही. बाबांनी सेनोशी बोलणं टाकलं.

सकाळी सेनो नेहमीप्रमाणे पेला आणि नळी घेऊन त्यांच्या शेजारी चटईवर बसला. बाबा विंचू चावल्यासारखे उठले आणि लांब जाऊन उघड्या जमिनीवर बसले. सेनोने विचारलं, "आज घसा कसा आहे?" बाबांनी तोंड फिरवलं आणि खांबाकडे बघून म्हणाले, "घसा बरा आहे म्हणावं."

सेनोला वाटलं थट्टा आहे. दुपारी भात वाढताना त्याने विचारलं, "अजून घेणार?" बाबा किटलीला म्हणाले, "पोट भरलंय."

मला सगळं कळलं. त्यांना समजलंय. चारचौघांत मेहुण्याचा मान राखला आणि घरात आम्हाला वाळीत टाकलं.

२३ जुलै, बुधवार

तेच चाललंय. सेनो खोलीत आला की बाबा ओट्यावर. सेनो ओट्यावर आला की बाबा बागेत. बोलायचंच झालं तर लेकी बोले सुने लागे, तेही खांबाशी, किटलीशी, एकदा तर मांजराशी. "मांजरा, पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या साहेबाला भेटायचं आहे म्हणावं, स्वच्छ सदरा घालावा." मांजर उठून गेलं.

सेनोने शांतपणे ऐकून घेतलं, पण खोलीत आल्यावर म्हणाला, "मी त्यांच्या गळ्याला हात लावून त्यांना पहिला शब्द बोलायला लावला, राकुत. ते माझ्या पाठीवर थापा मारत होते. आता माझ्याकडे बघतही नाहीत. भाऊ नको म्हटलं होतं मी, शत्रूही व्हायचं नव्हतं मला." शनिवारच्या बसने जातो म्हणाला. मी त्याला थांबवू शकलो नाही. थांबवायला माझ्याकडे होतंच काय?

सगळ्यांत संताप येतो तो आईचा. ती चक्क गाणं गुणगुणत भांडी घासते! मी म्हटलं, "आई, घरात काय चाललंय ते दिसत नाही का तुला?"

"दिसतं की," ती म्हणाली. "कधी नव्हे ते सगळं सुरळीत चाललंय."

२६ जुलै, शनिवार

सकाळी सेनो बॅग घेऊन मालेमकाकूच्या दुकानापुढे बसची वाट बघत बसला. आईला त्याने बाजारात जातो म्हणून सांगितलं होतं. मी त्याच्याजवळ उभा होतो, आणि एकाएकी मला माझी लाज वाटली. सात वर्षं हा माणूस माझ्या भीतीच्या मापाने जगला. म्हटलं, "बस आली तर सोड. मी आलोच." आणि घरी पळत सुटलो.

बाबा ओट्यावर नळी घेऊन बसले होते. मी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. "बाबा, मला बोलायचंय. सेनो माझा मित्र नाही."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "मित्र असता तर त्याच्याशी बोललो नसतो का मी?"

पुढचं सगळं वाक्य मी पाठ केलं होतं. ते कुठल्या कुठे गेलं.

"गाढवा," बाबा म्हणाले, "शहरात राहून अक्कल विकून खाल्लीस? सासरा सुनेशी तोंडावर बोलतो का? एका चटईवर बसतो का? मालेमच्या नवऱ्याला त्याच्या सुनेशी बोलताना कधी पाहिलंस? मी लोकांच्या घरी जाऊन रीत शिकवतो आणि माझ्याच घरात मोडू? बाहेरची मुलगी लग्न करून आणली की तिला नवऱ्याच्या मामाचं कूळ देतात, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. तुझ्या आईने मामाचं नाव काढलं तेव्हाच मला कळलं. सभामंडपात सगळ्यांना कळलं. तुलाच कळलं नाही."

मी खाली बसलो. त्यांच्याच चटईवर. मला चालतं.

"आठवडाभर झोप आली नाही मला," बाबा जरा खालच्या आवाजात म्हणाले. "राग आला होता. तुझा, तुझ्या आईचा. मग राग गेला आणि वेगळीच पंचाईत झाली. अशाला सून धरायचं की जावई, ते रीतीत कुठे सांगितलेलंच नाही. जावई धरला तर सासूने त्याच्याशी बोलायचं नसतं. तुझी आई म्हणाली, 'मी बोलणार. गप्प बसायचंय तर तुम्ही बसा.' म्हणून सून."

"बाबा, तो चालला आहे. त्याला वाटलं तुम्ही त्याला टाकलंत."

बाबा ताडकन उठले. "टाकलं? मी त्याला जेवढा मान देतोय तेवढा तुझ्या आजोबांनी तुझ्या आईला दिला नव्हता! पळ! सांग त्याला! मी नाही सांगू शकत!"

पळालो. बस वळणावर दिसत होती. धापा टाकत टाकत सेनोला सगळं सांगितलं, अर्धं मालेमकाकूने सांगितलं, कारण तिला ते माझ्या आधीपासून माहीत होतं.

सेनोने बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे ते माझ्याशी पुन्हा कधीच बोलणार नाहीत?"

"कधीच नाही."

"मरेपर्यंत?"

"देवाची कृपा असेल तर."

तो बॅगेवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडला, आणि मीही भर रस्त्यात, मालेमकाकूच्या गिऱ्हाइकांसमोर, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो. हात काढला नाही. बस आली, हॉर्न वाजवला, कोणी चढत नाही बघून निघून गेली.

सेनोने नाक पुसलं, बॅग माझ्या हातात दिली. "चल," म्हणाला. "त्यांचा सकाळचा व्यायाम अर्धाच राहिला असेल. खांबाला सांगून करून घेतो."